चुरा केलेलं मुसळ

माझा भाचा तारवटी आहे, कंटेनरच्या जहाजावर असतो. ह्या खेपेला त्यांचं जहाज अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदराला लागलं आणि पोराला पाचेक तासांची शोर लीव्ह मिळाली, बाकीचे सगळे मॉलमध्ये गेले आणि हा एका फिलिपिनो दोस्ताला घेऊन शहर बघायला निघाला. इकडे माझी पहाट. उठून चहा ठेवला, व्हॉट्सअॅप उघडलं तर फोटो आलेला. रस्त्याला लागून एक जुनी इमारत, मधोमध उंच कमान, कमानीला लोखंडी दार. खाली लिहिलेलं, "मावशे, हें पळय. हांगा मनशांक विकताले."

आमच्या घरात असंच चालतं, लिहायला मराठी, बोलायला कोकणी, घाईत दोन्ही.

मागोमाग व्हॉइस मेसेज आला. ती इमारत म्हणजे चामर्स स्ट्रीटवरचा जुना स्लेव्ह मार्ट, गुलामांच्या विक्रीची जागा, आता तिथे म्युझियम आहे. १८५६ मध्ये चार्ल्सटन शहराने माणसं रस्त्यावर उघड्यावर विकायला बंदी घातली. विकायलाच बंदी नव्हे हां, उघड्यावर विकायला बंदी. म्हणून मग अशा भिंतीआडच्या जागा झाल्या. हे सगळं बघून हे दोघं टॅक्सीत बसले तर टॅक्सीवाला म्हातारा म्हणतो कसा, म्युझियमवाले काहीही सांगतात, आमचं यादवी युद्ध गुलामांवरून झालंच नाही, ते राज्यांच्या हक्कांवरून झालं, जकातीवरून झालं. भाच्याने मला विचारलं, "मावशी, तू इतिहासाची टीचर ना, खरं काय ते सांग."

मी तेवीस वर्षं हायस्कूलात इतिहास शिकवला. आणि त्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून मला धस्स झालं, कारण मीपण वर्गात जवळजवळ तेच सांगत आले होते. अमेरिकेचं यादवी युद्ध एका तासात उरकायचं असायचं, फळ्यावर कारणं लिहायची, उत्तर आणि दक्षिणेतील आर्थिक भिन्नता, जकातीचा प्रश्न, घटक राज्यांचे अधिकार, आणि मग चौथं, गुलामगिरी. पाच मार्कांचं उत्तर. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलेलं, "टीचर, राज्यांना हक्क पायजे होता म्हणजे कसला हक्क?" आणि मी म्हटलं, पुढे येईल ते. पुढे काही आलं नाही, बेल झाली. ती मुलगी आणि तिचा तो प्रश्न ह्या वयात मला रोज आठवतो असं नाही म्हणणार, पण त्या दिवशी चहा पिताना लख्ख आठवला. रिटायर झाल्यावर मी जे वाचत बसले त्यात ह्या विषयाचे मूळ कागदही होते, त्यामुळे आता मला उत्तर देता येतं. भाच्याला मी भलामोठा मेसेज पाठवला, तोच इथे जरा वाढवून लिहितेय.

कसला हक्क, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, शोधायला फार लांब जायला नको.

साउथ कॅरोलिना हे अमेरिकेतून पहिलं फुटलेलं राज्य, २० डिसेंबर १८६०. चारच दिवसांनी, २४ डिसेंबरला, त्यांनी आपण का फुटतोय ह्याचा जाहीरनामा काढला. त्यात जकातीवर एक अक्षर नाही. तक्रारी काय आहेत ते बघा. उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम धरून परत देत नाहीत. न्यूयॉर्कमधून आम्हाला आमचा गुलाम नुसता घेऊन जायचा म्हटलं तरी तिथली कोर्टं जाऊ देत नाहीत. काही राज्यांनी काळ्या माणसांना नागरिक करून टाकलंय. आणि आता तर राष्ट्राध्यक्षच असा निवडून आलाय ज्याची मतं गुलामगिरीच्या विरोधात आहेत. आता ह्या तक्रारी नीट वाचल्या तर काय दिसतं? न्यूयॉर्क हेसुद्धा राज्यच ना? त्यालाही हक्क असतीलच ना? म्हणजे ह्यांची तक्रार राज्यांना हक्क नाहीत ही नव्हतीच, उत्तरेतल्या राज्यांनी आपले हक्क वापरले ही होती.

मिसिसिपीचा कागद ह्याच्याही पुढचा. सुरुवातीलाच म्हणतात, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, जगातला तो सर्वांत मोठा आर्थिक हितसंबंध आहे. आणि पुढे, उष्ण प्रदेशातलं ऊन सोसणं काळ्या वंशाशिवाय कुणाला शक्य नाही, हा निसर्गाचा नियम आहे. हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला आमच्या आजोळच्या मरड शेतात मे महिन्यात ढेकळं फोडणाऱ्या बायका दिसल्या. उन्हाचा आणि कातडीचा हा हिशोब जगात सगळीकडे सावलीत बसलेल्यांनीच मांडलाय.

२१ मार्च १८६१ ला सव्हाना गावात फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स ह्याने भाषण केलं. त्यात तो म्हणाला की जुन्या घटनाकारांची सगळी माणसं समान असतात ही समजूत चुकीची होती, आमच्या नव्या सरकारचा पाया नेमका उलट विचारावर आहे, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे, हीच आमची कोनशिला. युद्ध हरल्यावर ह्याच माणसाने १८६८ मध्ये जाडजूड पुस्तक लिहायला घेतलं आणि त्यात सांगितलं की भांडण गुलामांचं नव्हतंच मुळी, केंद्राचे अधिकार आणि राज्यांचे अधिकार ह्यांचं होतं. चार्ल्सटनच्या टॅक्सीवाल्यापर्यंत आणि माझ्या फळ्यापर्यंत आलं ते हे हरल्यानंतरचं बोलणं, जिंकू असं वाटत होतं तेव्हाचं नव्हे. माझा सगळा मुद्दा खरं तर एवढाच आहे. माणूस भांडायला उठतो तेव्हा काय बोलतो ते ऐका, पंचांपुढे उभा राहिल्यावर काय बोलतो ते नंतर.

जकातीचं एका ओळीत सांगते, १८५७ ची जकात कित्येक वर्षांतली सर्वांत कमी होती आणि दक्षिणेच्या खासदारांनीच ती उचलून धरली होती, वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्यं निघूनही गेली होती.

आता जरा मागे जाते. मराठीत आपण ह्याला यादवी युद्ध म्हणतो, आणि ह्या शब्दाने माझ्यासारखीच्या मनात लगेच प्रभासक्षेत्र उभं राहतं, दारू प्यायलेले यादव, भाऊ भावाला मारतोय, कारण काय तर क्षुल्लक. पण मौसल पर्वातली आधीची गोष्ट आपण विसरतो. सांबाला शापाने लोखंडी मुसळ झालं, यादव घाबरले, त्यांनी त्या मुसळाचा चुरा चुरा केला आणि समुद्रात टाकून दिला. गेलं एकदाचं म्हणाले. तो चुरा किनाऱ्याला लागला, त्याचं लव्हाळं उगवलं, आणि शेवटी तेच उपटून त्यांनी एकमेकांची डोकी फोडली.

१७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहिली गेली ना, त्यात गुलाम हा शब्द कुठेच नाही. मला हे कळलं तेव्हा खरं वाटेना, मी परत परत बघितलं. गुलाम मोजायचे तर होते, कारण दक्षिणेला लोकसंख्येप्रमाणे जास्त खासदार हवे होते, म्हणून पाच गुलामांना तीन माणसं धरायचं ठरलं, पण लिहिलं काय, "इतर सर्व व्यक्ती". आफ्रिकेतून गुलाम आणणं १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही हे लिहिलं, तिथे "अशा व्यक्तींची आयात". पळालेला गुलाम परत द्यायचा, तिथे "सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती". शब्दाचा चुरा केला आणि समुद्रात टाकला. त्या देशाच्या घटनेत गुलामगिरी हा शब्द पहिल्यांदा आला तो १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीत, ती बंद करताना. मधल्या पाऊणशे वर्षांत लव्हाळं माजलं.

आणि माजलं ते कापसामुळे. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं, जिन म्हणतात ते, आणि जो कापूस हाताने साफ करायला दिवस जायचा तो भराभर निघायला लागला. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सातेक लाख गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ. आफ्रिकेतून आणणं कायद्याने बंद झालं तर मग देशातल्या देशात विक्री सुरू झाली, व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून मिसिसिपी-अलाबामाच्या कापसाच्या मळ्यांकडे दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली, कुणाचा नवरा इकडे, कुणाचं मूल तिकडे. १८६० मध्ये ह्या माणसांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखाने ह्यांत मिळून अडकलेल्या भांडवलापेक्षा जास्त होती. साउथ कॅरोलिनात शंभरातली ५७ माणसं गुलाम. आणि हे थोड्या मूठभर जमीनदारांचं लफडं होतं असंही नाही, फुटलेल्या राज्यांत गोऱ्या कुटुंबांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा घरं गुलाम बाळगून होती, मिसिसिपीत तर जवळजवळ निम्मी.

आपल्याकडच्या माणसांना हा कापूस परका नाही. युद्धात दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि इंग्रजांना एकदम खानदेश-वऱ्हाडचा कापूस आठवला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर बाजार वेडा झाला, प्रेमचंद रायचंदचं नाव झालं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो सगळा फुगा फुटला. मी लहान असताना मुंबईच्या काकांकडून हे ऐकलेलं, पण त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला चार्ल्सटनची ती कमान होती हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

बरं, उत्तरेचे लोक काही देवमाणसं नव्हती, हे मी भाच्याला पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या, त्यांच्या बँका मळेवाल्यांना कर्ज द्यायच्या. लिंकन निवडून आला तेव्हा तो एवढंच म्हणत होता की गुलामगिरी जिथे आहे तिथे असू दे, नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही. ऑगस्ट १८६२ मध्येसुद्धा त्याने जाहीर पत्रात लिहिलं की एकही गुलाम न सोडता देश वाचत असेल तर मी तसं करीन. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी ही चार राज्यं गुलामगिरी ठेवून त्याच्याच बाजूला राहिली. म्हणून लोकांचा घोळ होतो. पण दोन प्रश्न वेगळे आहेत, दक्षिण का गेली आणि उत्तर का लढली. उत्तर लढली ती देश एक ठेवायला, हे खरं. पण मुळात देश मोडला कशावरून, ह्याचं उत्तर एकच आहे.

आणि उत्तरेतल्या साध्या माणसाला ह्याचं काय पडलं होतं, तर त्यासाठी बोस्टनमधला एक दिवस सांगते. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांचा कायदा झाला. त्यात असं होतं की धरलेला माणूस गुलाम आहे असा निर्णय दिला तर त्या अधिकाऱ्याला दहा डॉलर फी, स्वतंत्र आहे असा दिला तर पाच. धरलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची नाही. मे १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाचा वीस वर्षांचा मुलगा, व्हर्जिनियातून पळून बोस्टनला कपड्याच्या दुकानात कामाला लागलेला, त्याला रस्त्यात धरला. लोकांनी कोर्टावर चाल केली, त्यात एक पहारेकरी मेला, पण मुलगा सुटला नाही. २ जूनला त्याला बंदरावर न्यायचा होता. एका पोराला चालवत न्यायला सैन्य आणलं, तोफ आणली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं उभी, इमारतींवर काळी कापडं सोडलेली, एका ठिकाणी तर वरून शवपेटी टांगलेली. हे माणसांनी आपल्या खिडकीतून पाहिलं. कापड गिरण्यांच्या एका श्रीमंत घराण्यातल्या गृहस्थाने लिहून ठेवलंय की रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवाले म्हणून, आणि सकाळी उठलो ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होऊन. तोवर गुलामगिरी म्हणजे तिकडची भानगड होती, त्या कायद्याने ती प्रत्येकाच्या दारात आणली. पुढे कॅन्ससमध्ये गुलामगिरी येऊ द्यायची का ह्यावरून मारामाऱ्या झाल्या, १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट ह्या गुलामाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने काळा माणूस ह्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही म्हणून सांगितलं, १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर धाड घातली आणि फासावर गेला, ती सगळी पुढची पायरी.

१२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटनच्याच बंदरात फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. चार वर्षांत सहा लाखांवर सैनिक मेले, काही अभ्यासक साडेसात लाखही धरतात.

भाच्याला मी त्याच बंदरातली आणखी एक गोष्ट सांगितली, कारण तो जहाजावरचा माणूस, त्याला ती माझ्यापेक्षा जास्त कळेल. रॉबर्ट स्मॉल्स, वय तेवीस, गुलाम. प्लँटर नावाच्या वाफेच्या बोटीवर सुकाणू धरायचा, ती बोट दक्षिणेच्या सैन्याच्या कामाला होती. १२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले. ह्याने पहाटेच्या आधी बॉयलर पेटवला, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, वाटेत धक्क्यावरून स्वतःची बायको, मुलं आणि बाकीच्यांची कुटुंबं घेतली, आणि एकेक तटबंदी पार करत निघाला. फोर्ट सम्टरच्या समोर आल्यावर शिट्टीचा ठरलेला इशारा द्यायचा असतो, दोन लांब एक आखूड, तो दिला. कप्तान जसा हात बांधून उभा राहायचा तसा उभा राहिला. किल्ल्यावरून जाऊ दिलं. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर वर चढवली आणि उत्तरेच्या जहाजांच्या ताब्यात बोट दिली, वर तोफाही होत्या. सोळा माणसं सुटली. नंतर ज्या घराच्या मागे त्याचा जन्म झाला होता ते मालकाचं घर त्याने विकत घेतलं आणि पुढे तो खासदार झाला. भाच्याचं उत्तर आलं, "मावशी, हार्बरमधून पायलटशिवाय रात्री बोट काढणं म्हणजे काय ते मला विचार." मी म्हटलं, बाबा, बंदरातली वाट दाखवणारा पायलट तोच होता.

म्हणून मला ते "गुलामांना मुक्त केलं" हे वाक्य आता पूर्वीसारखं लिहिता येत नाही. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा मोठाच, पण त्याच्या आधीपासून माणसं स्वतःच्या पायाने निघाली होती. आणि नंतर उत्तरेच्या सैन्यात १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक लढले.

हे वाचून आपल्याकडेही एका माणसाला उमेद आली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिलं, युद्ध संपून आठच वर्षं झालेली, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी स्वार्थ सोडून त्याग केला. पुण्यात बसून त्यांना ते जवळचं वाटलं, कारण शब्द बदलला तरी माणूस बांधलेला असू शकतो हे त्यांना रोज दिसत होतं.

आणि आमचं गोवं? मी आयुष्यात किती वेळा जुन्या गोव्याच्या त्या विसरेईच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, कमानीखालून दिवाडीच्या फेरीला गेलेय. त्या कमानीतून जो रस्ता आत शहरात जायचा तो रुआ दिरेइता, सरळ रस्ता. तिथे सणवार सोडून रोज सकाळी लिलाव व्हायचा. लिंशोतेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपकडे कारकून होता, त्याने लिहून ठेवलंय, घोडे, कापड, दागिने आणि माणसं. मोझांबिकहून आणलेली माणसं. आज तिथे मी तरी त्याबद्दल एक ओळ कुठे लिहिलेली पाहिली नाही, चार्ल्सटनला निदान म्युझियम आहे. ज्यांना पळता आलं त्यातले काही घाट चढून गेले, यल्लापूर-हल्याळच्या रानात जे सिद्दी आहेत त्यांच्यात त्या पळालेल्यांचेही वंशज आहेत, आणि ते घरात आजही कोकणी बोलतात. आमचीच भाषा. पोर्तुगालने गुलामगिरी १८६९ मध्ये बंद केली म्हणतात, पण सुटलेल्यांचं नाव बदलून "लिबेर्तो" केलं आणि १८७८ पर्यंत मालकाकडेच राबायचं असं ठरवलं. परत तेच, शब्द बदलायचा.

अजून एक, आणि हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन गुलाम उतरले, वीसेक जण, ते ज्या जहाजातून लुटून आणलेले होते ते जहाज पोर्तुगीज. अंगोलातल्या लुआंडाहून साडेतीनशेच्या आसपास माणसं भरून मेक्सिकोकडे निघालेलं. जहाजाचं नाव सांव जुआंव बाउतिस्ता. म्हणजे सांजांव. २४ जूनला डोक्यावर फुलांची कोपेल घालून पोरं ज्याच्या नावाने विहिरीत उड्या मारतात तो सांजांव. सणात काही खोट नाही, पोरांचा आनंद आहे तो, पण नाव तेच होतं.

आता हे लिहिताना मला आमच्या घरातलं एक माणूस गाळून पुढे जाता येत नाही. फोंडा तालुक्यात माझं आजोळ, कुळागराचं घर. तिथे एक बाई होती, तिला सगळे बाय म्हणायचे. सात-आठ वर्षांची असताना तिला कुणीतरी आणून सोडलेलं. सोपे झाडायची, गोठा बघायची, सुपारी सोलायची, सगळ्यांचं जेवण झाल्यावर रांधणीतच एका कोपऱ्यात जेवायची, मागच्या पडवीत निजायची. वर्षाला दोन लुगडी, एक चवथीला. ख्रिश्चन घरांत अशा मुलींना पोसकें म्हणायचे, आमच्याकडे तेवढाही शब्द नव्हता, विचारलं की उत्तर एकच, "ती घरचीच." मी काही बायला चार्ल्सटनच्या माणसांच्या रांगेत उभं करत नाही, तिला कुणी विकलं नव्हतं, तिच्या पाठीवर चाबूक नव्हता, आणि दोन्ही एकच म्हणणं हा त्या चाळीस लाखांवर अन्याय होईल. पण दक्षिणेतले मळेवालेसुद्धा पत्रांत लिहायचे, आमचं कुटुंब, गोरं आणि काळं. ते वाचलं आणि मला "ती घरचीच" ऐकू आलं.

आईला फोन केला. तिचं वय ८६, सगळं ठणठणीत आठवतं. म्हटलं, बायला पगार काय देत होते गं आजोबा? "पगार? कसला पगार, ती घरचीच होती." मग तिच्या नावावर काय होतं? आई म्हणाली, "नाकात मोरणी होती की. सोन्याची." मग बायचं खरं नाव काय? ते आईला आठवेना. मामीला विचारते म्हणाली. मामीलाही माहीत नव्हतं.

भाच्याचं जहाज चार्ल्सटनहून नॉर्फोकला जाणार होतं. मी त्याला लिहिलं, बंदराच्या तोंडात शिरताना उजव्या हाताला पॉइंट कम्फर्ट लागेल, लक्ष ठेव. १६१९ ला ती वीस माणसं तिथेच उतरवली होती. आणि मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिघं गुलाम पलीकडच्या तीरावरून रात्री होडी वल्हवत तिथेच आले, त्या जागी फोर्ट मन्रो हा उत्तरेचा किल्ला होता. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला, पळालेल्या गुलामांचा कायदा दाखवत. किल्ल्यावरच्या जनरल बटलरने सांगितलं, व्हर्जिनिया आता परका देश आहे असं तुम्हीच म्हणता ना, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होणार? ठेवून घेतले. कळल्यावर बाकीचे यायला लागले, आधी आठ-दहा, मग बायकामुलांसकट शेकड्यांनी.

परवा रात्री फोटो आला. हा फॉरवर्डला दोरखंडांवर ड्युटीला होता, हात मोकळा झाल्यावर घाईत काढलेला, हललेला. राखाडी पाणी, जमिनीची एक पट्टी, पट्टीवर छोटं पांढरं दीपगृह. खाली लिहिलंय, "दिसलें मावशे. उजवे वटेन."